बोरिवली ते ताडोबा, पेंच आणि परत : आजी, दोन मुले आणि अकरा दिवस

२४ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर २०२५ या अकरा दिवसांत आम्ही पाच जणांनी आमच्या गाडीने बोरिवलीहून छत्रपती संभाजीनगर, लोणार, नागपूर, सेवाग्राम, ताडोबा आणि पेंच असा येऊन-जाऊन २,२६३ किलोमीटरचा प्रवास केला. पाच जण म्हणजे मी, माझे यजमान, एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. याआधी आमच्या गाडीची सर्वांत लांबची मजल गणपतीपुळ्यापर्यंतची होती. निघण्यापूर्वी मी अशा प्रवासांविषयी पुष्कळ शोधून वाचले. वाघांची वर्णने भरपूर सापडली. परंतु मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाला घेऊन दिवसाला किती अंतर कापावे, कोणते ठिकाण कोणत्या वारी बंद असते, तिकिटावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव वेगळे निघाले तर काय होते, हे एका जागी कुठेही मिळाले नाही. ज्यांना असाच प्रवास करायचा आहे आणि कुठून सुरुवात करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे सारे घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

या प्रवासाचे मूळ सासूबाईंच्या एका फोनमध्ये आहे. त्यांचे माहेर वर्ध्याचे. तिथल्या शाळेतली त्यांची मैत्रीण आता नागपुरात राहते आणि दोघींची भेट होऊन एकोणीस वर्षे झाली होती. जूनमध्ये त्या मैत्रिणीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता एकदा जाऊन यायला हवं." रेल्वेने दोघे जण जाऊन आले असते तरी भागले असते. पण यांचा वसतिगृहातला मित्र संभाजीनगरला आहे, तोही कित्येक वर्षे बोलावत होता, आणि मुलांना ताडोबा पाहायचे होते. आमची मुले संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणापासून दहा मिनिटांच्या अंतरावर वाढली आहेत. सोसायटीच्या मागे बिबट्या दिसल्याची बातमी त्यांना नवी नाही. तरीही खरे मोठे जंगल त्यांनी पाहिले नव्हते. तिन्ही गोष्टी एकाच प्रवासात बसवायच्या असे ठरले.

जुलैमध्ये आखणीला बसलो तेव्हा पहिली अडचण आली ती वारांची. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. ताडोबा मंगळवारी बंद. पेंच आम्ही मध्य प्रदेशाच्या बाजूने पाहणार होतो, आणि तिथली व्याघ्र प्रकल्पांची सफारी बुधवारी दुपारी बंद. त्याशिवाय ताडोबाचे कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, आणि मध्य प्रदेशातली राष्ट्रीय उद्याने १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पावसाळ्यासाठी बंदच असतात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत हंगामाची सुरुवातीची गर्दी गाठावी लागते. आमचा मूळ बेत कान्हालाही जाण्याचा होता. कान्हा हे १९५५ पासूनचे राष्ट्रीय उद्यान आहे आणि नामशेष होत आलेला बारशिंगा तिथे पुन्हा वाढवला गेला, हे मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी वाचले होते, म्हणून तिचा आग्रह होता. परंतु वारांचे गणित मांडल्यावर कान्हासाठी आणखी तीन दिवस लागत होते आणि सासूबाईंना तेवढे झेपले नसते. तिची समजूत काढायला दोन दिवस लागले. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी वार, गाव, अंतर आणि मुक्काम असे रकाने आखले आणि आधी फक्त सफारींच्या तारखा शाईने लिहिल्या. बाकीचे सगळे पेन्सिलीने. सुरुवातीला मी याच्या उलट, मुक्काम आधी आणि सफारी नंतर, असे करू पाहत होते आणि त्यात एक आठवडा वाया गेला. मित्र तारीख बदलून देतात, हॉटेल बहुधा बदलून देते. सफारीचे तिकीट तसे बदलून मिळत नाही.

सफारीची नोंदणी दोन्ही राज्यांच्या वनविभागांच्या अधिकृत संकेतस्थळांवर होते. नोंदणीच्या वेळी प्रत्येकाचे नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो. गेटवर त्याच ओळखपत्राची मूळ प्रत दाखवावी लागते. झेरॉक्स चालत नाही. मुलांचीही आधार कार्डे लागतात. एका जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा प्रवासी बसतात, त्यामुळे आम्ही पाच जणांसाठी पूर्ण जिप्सी घेतली. तीन सफारी ठरवल्या : ताडोब्यात २९ ऑक्टोबरला सकाळची आणि दुपारची, पेंचच्या तुरिया गेटवरून ३१ ऑक्टोबरला सकाळची. यांपैकी एका नोंदणीच्या वेळी पैसे खात्यातून गेले आणि तिकीट आले नाही. घाबरून मी लगेच दुसऱ्यांदा पैसे भरले, ते तिकीट मिळाले, आणि आधीची रक्कम नऊ दिवसांनी परत आली. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता म्हणून बँकेशी बोलणे सोपे गेले. मनाला मात्र ते नऊ दिवस फार लागले, कारण रक्कम थोडी नव्हती.

मग गाडी. आमची गाडी २०१८ ची असल्यामुळे तिला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवणे सक्तीचे होते. शुल्क ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये. पण जवळच्या केंद्रावर तारीख मिळायला अठरा दिवस लागले. पीयूसी आणि विमा दोन्हींची मुदत पाहून घेतली. सर्वांत मोठा खर्च टायरांचा निघाला. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांवर १८१८ होते, म्हणजे २०१८ च्या अठराव्या आठवड्यातले. नक्षी अजून बरी दिसत होती, पण टायरवाल्याने कडेच्या रबरावरच्या बारीक भेगा बोट लावून दाखवल्या आणि म्हणाला, "ताई, ठाण्याला जायला चालतील. समृद्धीवर नेऊ नका." चारही टायर बदलले, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घेतले, स्टेपनीत हवा भरली. १९,६०० रुपये गेले, आणि मला त्याची एकदाही खंत वाटली नाही.

भाऊबीज २३ तारखेला झाली आणि २४ तारखेला, शुक्रवारी, पहाटे पावणेपाचला आम्ही निघालो. घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा घाट दिवस उजाडण्यापूर्वी ओलांडावा, हे बोरिवलीकरांना सांगायला नको. सहाच्या सुमारास भिवंडीजवळ आमणे येथे समृद्धी महामार्गावर चढलो. या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि त्यामुळेच सासूबाईंना घेऊन गाडीने जाण्याचा विचार आम्हाला शक्य वाटला होता. कसाऱ्याच्या घाटाऐवजी आता जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा लागतो. मुलाने घड्याळ लावून बोगद्याची मिनिटे मोजली आणि बाहेर पडल्यावर डोंगरावर धुके दिसले तेव्हा सासूबाईंनी हात जोडले.

समृद्धीविषयी तीन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. इथे गाडीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, पण आम्ही शंभराच्या वर गेलो नाही आणि दर दीड तासाने चालक बदलला. रस्ता इतका सरळ आणि एकसारखा आहे की डोळे उघडे असूनही लक्ष विझत जाते, आणि हे मला स्वतःला मेहकरच्या पुढे जाणवले. दुसरे, टोल बाहेर पडताना अंतराप्रमाणे कापला जातो, मोटारीला किलोमीटरमागे २.०६ रुपये. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला, तेव्हा तीन हजार रुपयांचा असलेला वार्षिक फास्टॅग पास फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. समृद्धी हा राज्याचा महामार्ग असल्यामुळे तिथे त्याचा उपयोग नाही. म्हणून आम्ही पास न घेता फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम भरून ठेवली. तिसरे, वाटेत पेट्रोल पंप आहेत, त्यांच्यापाशी स्वच्छतागृहे आहेत, परंतु बसून नीट जेवता येईल अशा जागा फार थोड्या आहेत. ही तिसरी गोष्ट मी ऐकून होते आणि तरीही तिसऱ्या दिवशी विसरले, ते पुढे येईलच.

साडेदहाला माळीवाड्याला उतरून आम्ही संभाजीनगरला यांच्या मित्राच्या घरी पोहोचलो. दोघे मित्र अकरा वर्षांनी भेटत होते. जिन्यातच उभे राहून त्यांचे बोलणे सुरू झाले, शेवटी वहिनींनी "आत तर या, पाणी घ्या" म्हणून दोघांना ओढून आत नेले. आम्ही फराळाचे डबे, आमच्या अंथरुणासाठी चादरी आणि पंचे बरोबर नेले होते. पाच माणसे दोन दिवस एखाद्याच्या घरी राहतात तेव्हा सर्वांत जास्त काम धुण्याचे वाढते, ते तरी त्या घरावर पडू नये असे वाटले. एका घरी दोनच रात्री राहायचे, हेही आधीच ठरवले होते आणि त्या त्या घरी सांगितले होते.

शनिवारी वेरूळ पाहिले. प्रौढांना ४० रुपये तिकीट आहे, पंधरा वर्षांखालील मुलांना नाही. चौतीसच्या चौतीस लेणी पाहण्याचा हट्ट आम्ही केला नाही. सोळावे लेणे, म्हणजे कैलास, तेवढे सावकाश पाहिले. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे मंदिर वरून खाली कोरत आणले. सासूबाई अंगणात हत्तीच्या शिल्पाजवळ सावलीत बसल्या, मुले आणि मी वरच्या कड्यावर चढून गेलो. कोरणाऱ्यांनी सुरुवात तिथून केली होती, त्यामुळे शिखराकडे वरून पाहिल्यावर मुलाला ती गोष्ट न समजावता कळली. सकाळी नऊच्या आत पोहोचावे. अकरानंतर कातळ तापतो.

रविवार, २६ ऑक्टोबर हा या प्रवासातला चुकीचा आखलेला दिवस होता, म्हणून त्याविषयी अधिक लिहिते. संभाजीनगरहून सिंदखेडराजा, तिथून लोणार, मग मेहकरला पुन्हा समृद्धीवर आणि संध्याकाळपर्यंत नागपूर, असा साधारण साडेचारशे किलोमीटरचा टप्पा मी कागदावर आखला होता. दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक गाडी चालवायची नाही हा आमचाच नियम होता. लोणार वाटेतच आहे असे समजून मी तो मोडला. सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान, लखुजी जाधवांचा वाडा पाहिला. साडेदहाला लोणारला पोहोचलो. बसाल्टच्या खडकात अशनी आदळून झालेले हे विवर आहे, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी. २०२० साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले होते. आम्हाला ते हिरवट दिसले. खाली उतरण्याचा मोह मुलांना झाला, पण आम्ही काठावरूनच पाहिले आणि गावातले दैत्यसूदनाचे मंदिर पाहिले. ते मंदिर फार सुंदर आहे आणि तिथे आमचा अपेक्षेपेक्षा एक तास जास्त गेला.

एक वाजता निघालो. मेहकरमध्ये जेवायचे होते, पण दिवाळीनंतरचा रविवार असल्यामुळे आम्ही पाहिलेली दोन्ही हॉटेले बंद होती. "महामार्गावर चढल्यावर बघू," असे मीच म्हटले. सासूबाईंनी सकाळी सातला न्याहारीबरोबर मधुमेहाची गोळी घेतली होती, त्यानंतर एक केळे आणि चार शंकरपाळे एवढेच पोटात गेले होते. पावणेतीनच्या सुमारास मागून मुलगी म्हणाली, "आई, आजीचा हात थरथरतोय." मागे वळून पाहिले तर त्यांच्या कपाळावर घाम होता आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या देत नव्हत्या. ग्लुकोजची पूड होती, पण ती डिकीत, सर्वांत खालच्या बॅगेत. महामार्गाच्या कडेला थांबणे धोक्याचे असते आणि पुढचा पंप सात किलोमीटरवर होता. ती चार-पाच मिनिटे मला विसरता येत नाहीत. मुलीने फराळाच्या पिशवीतून बेसनाचा लाडू काढून भरवायला घेतला, पण लाडवात तूप असते, साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. सुदैवाने मुलाच्या दप्तरात आंब्याच्या रसाची छोटी पुडकी होती, त्यांतली दोन त्यांनी घोट घोट घेतली. पंपावर पोहोचून ग्लुकोमीटर लावला तेव्हा आकडा ६१ होता, म्हणजे साखर फार उतरली होती. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, ८८ झाला. मग डब्यातल्या दशम्या आणि दही त्यांना तिथेच बाकावर बसवून खायला घातले. पूर्ण भानावर आल्यावर त्यांचे पहिले वाक्य होते, "नागपूरला कळवू नका, ती घाबरेल."

त्या दिवसापासून ग्लुकोज आणि मीटर गाडीच्या पुढच्या दाराच्या खणात आले, दशमी आणि धपाटे मागच्या सीटवर मुलीच्या ताब्यात आले, आणि दर दोन तासांनी आजीला काहीतरी खायला देण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले. ती ते शेवटपर्यंत चोख करत होती. सासूबाईंच्या डॉक्टरांना मी त्याच संध्याकाळी फोन केला. त्यांनी प्रवासाच्या दिवसांसाठी गोळीची वेळ बदलून दिली. हे बोलणे निघण्यापूर्वीच करून घ्यायला हवे होते.

रात्री साडेआठला शिवमडक्याला समृद्धी संपली आणि आम्ही नागपुरात शिरलो. मावशी, म्हणजे सासूबाईंची मैत्रीण, दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "आली का गं वर्धेची पोर?" असे त्या म्हणाल्या आणि मग, "किती वाळली गं तू!" दोघी एकमेकींचे हात धरून बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. जेवणे झाल्यावर मात्र बाराच्या पुढेपर्यंत आतल्या खोलीतून शाळेतल्या बाईंची, विहिरीची आणि कुणाच्या तरी लग्नाची बोलणी ऐकू येत राहिली. सोमवारी आम्ही काहीच ठरवले नव्हते आणि तेच योग्य झाले. मुलांनी सकाळी तर्री पोहे खाल्ले. तर्रीचा तिखटपणा मुलाला सोसला नाही, मुलीने दुसरी प्लेट घेतली. दुपारी दीक्षाभूमीला जाऊन आलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तो स्तूप आतून किती शांत आहे हे छायाचित्रांवरून कळत नाही. ज्यांना डिसेंबरात नागपूरला जायचे आहे, त्यांनी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा पाहूनच मुक्काम ठरवावा. त्या काळात शहरात खोली मिळणे कठीण जाते.

मंगळवारी ताडोबा बंद, म्हणून तो दिवस रस्त्याचा ठेवला होता. मावशींना आम्ही सेवाग्रामपर्यंत बरोबर घेतले. त्यांचा भाचा त्यांना वर्ध्याहून परत नेणार होता. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बुलढाण्याच्या शेगावशी गल्लत होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून पुढे सेवाग्राम हे नाव पडले. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर हात ठेवून सासूबाईंनी मुलांना सांगितले की शाळेतून त्यांना इथे चालत आणत असत आणि परतताना सगळ्यांना गूळ-शेंगदाणे मिळत. दोघी मैत्रिणींनी एकमेकींचा निरोप घेतला तेव्हा आम्ही बाकीचे जरा लांब जाऊन उभे राहिलो. तिथून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याला आलो, बाबा आमटे यांनी उभ्या केलेल्या आनंदवनात तासभर थांबलो, आणि भद्रावतीवरून संध्याकाळी पाचला ताडोब्याच्या वेशीवरच्या मोहर्ली गावी पोहोचलो. त्या रात्री मोंथा चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले आणि आमच्याकडे आकाश पूर्ण झाकोळून गेले.

ताडोब्याच्या सकाळच्या सफारीसाठी साडेपाचला गेटवर असावे. कोअर क्षेत्रात मोबाईल नेता येत नाही. इथेच नावाचा घोळ झाला. नोंदणी करताना मी सासूबाईंचे रोजच्या वापरातले नाव लिहिले होते, आधार कार्डावर मात्र माहेरचे नाव आणि मधे वडिलांचे नाव आहे. तिकीट तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांनी ओळखपत्राचा क्रमांक ताडून पाहिला, तो जुळला, आणि दहा मिनिटांनी आम्हाला सोडले. चूक आमची होती. कार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवले असते तर ती झाली नसती.

आमची मार्गदर्शक मोहर्लीचीच एक तरुणी होती. ताडोबा हे १९५५ चे राष्ट्रीय उद्यान. तारू या देवाच्या नावावरून त्याचे नाव पडले आणि तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे, हे तिने सांगितले. रस्त्याच्या कडेचे जुने गोंडकालीन दगडी खांब दाखवले. पावसाची रिपरिप सुरू होती, जिप्सी उघडी, आणि ऑक्टोबरात गवत माणसाच्या खांद्याइतके वाढलेले असते. सात वाजायच्या आत तिने हात वर करून गाडी थांबवली. "चितळ कॉल देऊन राहिलं," ती हळूच म्हणाली. कॉल म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावरची इशाऱ्याची हाक. मग बांबूच्या बेटातून एक वाघीण रस्त्यावर आली, आमच्याकडे न पाहता पाठमोरी तीस-चाळीस पावले चालली आणि डावीकडच्या गवतात शिरली. गवत हलायचे थांबले तरी गाडीत कुणी बोलले नाही. सासूबाईंनी मुलाचा हात इतका घट्ट धरला होता की त्याच्या मनगटावर बांगडीची खूण उमटली होती.

पुढच्या दोन सफारींमध्ये आम्हाला वाघ दिसला नाही. दुपारच्या सफारीला सासूबाई आल्या नाहीत. जिप्सीच्या धक्क्यांनी त्यांची कंबर धरली होती. त्यांच्या तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत, पण तो निर्णय योग्यच होता. वयस्कर माणसांसाठी दिवसाला एकच सफारी ठरवावी आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवावे. मागची रांग चाकांवर येते. त्या दुपारी गव्यांचा कळप, एक अस्वल आणि तलावात मगर दिसली.

गुरुवारी नागपूरवरून पेंचकडे निघालो. मनसरच्या पुढे राष्ट्रीय महामार्ग ४४ जंगलातून जातो आणि प्राण्यांना खालून ओलांडता यावे म्हणून तो ठिकठिकाणी उंच खांबांवर उचललेला आहे. त्यांतला एक पूल साडेसातशे मीटर लांब आहे. मुलांना मी गाडीतून दाखवत होते की आपण आत्ता वाघांच्या वाटेवरून जात आहोत. खवासाला राज्याची सीमा लागते. खाजगी गाडीला वेगळा परवाना लागत नाही. पेट्रोल मात्र महाराष्ट्रातच भरून घ्यावे, पलीकडे ते महाग आहे. महाराष्ट्राच्या बाजूचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा काळोख जपलेले ठिकाण, ठरला. शुक्रवारी संध्याकाळी सीमेच्या अलीकडे येऊन तारे पाहायचे ठरवले होते, पण ढग हटले नाहीत आणि आम्ही ते रद्द केले. मुलीला याचे फार वाईट वाटले.

त्याच दिवशी सकाळी तुरिया गेटवरून केलेल्या सफारीत ऊन निघाले होते. नऊ-दहा रानकुत्र्यांच्या कळपाने नाल्याकाठी एका चितळाला घेरले. चितळ पाण्यात शिरून निसटले. मार्गदर्शकांनी आम्हाला पेंचच्या 'कॉलरवाली' वाघिणीची हकीकत सांगितली. तिने आठ वेतांत एकोणतीस बछड्यांना जन्म दिला आणि जानेवारी २०२२ मध्ये ती वारली. सांगताना त्यांचा आवाज घरातल्या माणसाविषयी बोलावे तसा झाला होता.

परतीला आम्ही घाई केली नाही. १ नोव्हेंबरला नागपूर, २ ला संभाजीनगर, ३ ला दुपारी दीड वाजता बोरिवली. दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा सुरू होणार होती.

खर्चाचा हिशेब असा झाला : पेट्रोल १३,९०० रुपये, सर्व टोल मिळून सुमारे ३,९००, तीन सफारी २४,०००, मोहर्ली आणि तुरिया येथील चार रात्री दोन खोल्यांच्या मिळून २६,०००. टायर आणि नंबर पाटी यांचा खर्च वर दिलाच आहे. उरलेल्या सहा रात्री आम्ही माणसांच्या घरी होतो.

मावशी फेब्रुवारीत मुंबईला येणार आहेत. त्यांना राष्ट्रीय उद्यानात न्यायचे सासूबाईंच्या मनात आहे. उद्यान सोमवारी बंद असते, हे त्यांनी मला न विचारता कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे, आणि मंगळवारच्या चौकटीत पेन्सिलीने 'ती, मी' असे लिहिले आहे.